सोनं झालं म्हणे

"सोनं झालं हो माईंचं." गेल्या पंधरवड्यात हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता कुणी तोंड उघडायच्या आत माझी मान डोलते. सत्त्याण्णव वर्षं, हातीपायी धड, कुणाकडून काही करून घेतलं नाही, मग रडायचं कशाला? लोक चांगल्या मनानं बोलतात, कळतं मला. पण पटत नाही. जितकी वर्षं जास्त तितकी माणसं जास्त जोडलेली. मग दुःख कमी कसं होईल?

आजी १९२७ ची. तिसऱ्या तुकोजीराव होळकरांनी गादी सोडली त्याच्या पुढच्या वर्षी जन्मलेली. इंदूर न सोडता तीन राज्यांत राहिली: होळकरांच्या, १९४८ पासून मध्य भारतात आणि १९५६ पासून मध्य प्रदेशात. "मी जागची हलले नाही, सरकारंच हलली," म्हणायची.

शोकसभेच्या फलकावर कुणीतरी 'थोर समाजसेविका' छापलं. ती असती तर आधी छपाईचे पैसे कुणी दिले ते विचारलं असतं. आयुष्यात कधी व्यासपीठावर चढली नाही. तिचा कारभार गल्लीतल्या नळापाशी चालायचा. १९७८ मध्ये नर्मदेचं पाणी शहरात आलं, त्याआधी रांगेचा क्रम ती ठरवायची. बाळंतीण असलेल्या घराची बादली पहिली, आमची शेवटची. आई तेव्हा नवी सून. "सगळ्यांचं भरून होईपर्यंत नळ जायचा, मग मी कोरड्या घागरी घेऊन घरी," हे ती आजही रागानंच सांगते. तिचं खरंच आहे. समाजकार्य घरच्या सुनांच्या कंबरेवर उभं असतं, हे फलकावर कुणी छापत नाही.

आणि भांडी. रामबागेतल्या घरी माळ्यावर कार्याची मोठी पितळी पातेली, पराती, झारे होते, सगळ्यांवर आजोबांचं नाव घातलेलं. कुणीही मागावं आणि न्यावं, भाडं नाही. अट एकच, भांडं रिकामं परत आणायचं नाही. चिमूटभर साखर चालेल. प्रत्येक भांड्याची नोंद लाल कापडी बांधणीच्या वहीत. शेरे वाचून आम्ही पोरं हसायचो: "परात आली. पोचाही आला." "झारा आला, वाकडा."

त्या वहीत १९९२ ची एक नोंद होती: "मोठं पातेलं, झाकणासह." पुढचा रकाना कोरा. आदल्या डिसेंबरात हुकुमचंद मिल बंद पडली होती. तिथल्या एका कामगाराच्या बायकोला डबे करून द्यायचे होते आणि घरात मोठं भांडं नव्हतं. पुढे आमच्याच मुंजीला बाहेरून पातेलं आणावं लागलं, तरी आजीनं मागितलं नाही. "चुलीवरचं भांडं मागू नये." मिलच्या कामगारांना थकलेले पैसे मिळाले थेट डिसेंबर २०२३ मध्ये. मी पेपर वाचून दाखवला तेव्हा बोटांवर मोजून म्हणाली, "बत्तीस वर्षं. घ्यायला कोण उरलंय त्यातलं?"

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी घरात चूल नव्हती, शेजारून पिठलं-भात येत होता. दुपारी दारात रिक्षा थांबली. पन्नाशीची एक बाई आणि तिचा मुलगा दोन्ही कडांना धरून पातेलं उतरवत होते. बाहेरून काळं पडलेलं, आत ताजी कल्हई आणि गळ्यापर्यंत गरम खिचडी. "माई का तपेला है," बाई म्हणाली. "सास बोल के गई थीं, खाली मत ले जाना."

आईनं पदर तोंडाला लावला. मी नुसतीच उभी. आत्या मात्र आत गेली, वही घेऊन आली आणि कोऱ्या रकान्यात तारीख घातली. "परत आलं." मग पातेल्याभोवती एक चक्कर मारून, चष्मा सारखा करत खाली अजून एक ओळ लिहिली:

"झाकण बाकी."