तारेने खाल्लेला आकडा

आजीच्या ट्रंकेच्या तळाशी तारेला ओवलेली पत्रं सापडली. ज्यांच्या घरी अशी तार होती त्यांना वेगळं सांगायला नको. खाली लाकडाची चकती, वर वाकवलेलं टोक, आणि आलेलं कार्ड वाचून झालं की खचकन ओवायचं. त्यामुळे प्रत्येक कार्डाला मधोमध एक गंजकं भोक आहे. त्यातल्या एका कार्डाने गेले दोन महिने मला झोपू दिलेलं नाही.

ते आजीच्या थोरल्या भावाचं आहे, नारायण पेठेतून आलेलं. शिक्का इंग्रजीत ‘पूना’, तारीख १७ जुलै १९६१. पानशेत फुटल्याला पाच दिवस झाले होते.

१२ जुलैचा तो बुधवार पुण्यात अजून नुसत्या ‘पूर’ या शब्दाने ओळखला जातो. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, दुपारी खडकवासल्याचं. मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. हे सगळं आपण शाळेपासून ऐकत आलोय. धरण का फुटलं, चूक कुणाची, चौकशी करणाऱ्या नाईक आयोगाने काय म्हटलं, यावर भरपूर लिहिलं गेलं आहे आणि ते लिहिलं जायलाच हवं होतं. पण त्या आठवड्यात एका घरात नेमकं काय चाललं होतं, ते मला या एवढ्याशा कार्डाने सांगितलं.

एरवी पत्र कसं सुरू व्हायचं? वर ॥श्री॥, मग ‘चि. सौ. हीस अनेक आशीर्वाद, वि. वि.’ या कार्डावर ॥श्री॥च्याही वर, कडेला चिकटून, बारीक अक्षरात लिहिलंय: ‘सर्व सुखरूप. काळजी नसावी.’ बहिणीची नजर आधी तिथे पडावी म्हणून. बाकीचा मजकूर लिहून झाल्यावर, उरलेल्या जागेत हे लिहिलेलं दिसतं, कारण समासातही उभ्या ओळी आहेत आणि सगळीकडे शाई तीच आहे. कार्ड हातात धरलं की त्या माणसाची घाई कळते.

मग यादी. काय वाहून गेलं याची नाही, काय राहिलं याची. दोन पिंपं, पाटा (वरवंटा नाही), देव, माळ्यावर ठेवलेली धाकट्याची पुस्तकं. नळाला पाणी नाही, वाड्यातली विहीर उपसायचं चाललंय. खडकवासल्याचा तलावच रिकामा झाल्यावर शहराच्या नळाला पाणी येणार कुठून! हे कारण मला माहीत होतं, पण नदीकाठचं अख्खं शहर पुरानंतर प्यायच्या पाण्याला महाग झालं होतं, हे त्या एका ओळीमुळे पहिल्यांदा आत पोचलं.

आणि पुढची ओळ: ‘मागील खोलीत’, मग भोक, मग ‘हात पाणी होते’. नेमका आकडा तारेने खाल्लाय.

मी भिंग घेऊन बसलो. उजेडासमोर धरून पाहिलं. भोकाच्या कडेला शाईचा एक फराटा आहे, तो नवाचा असेल नाहीतर सहाचा. शेवटी कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घालून पत्त्यावरच गेलो. वाडा नाही, चार मजली इमारत आहे. शेजारच्या जुन्या घरात ऐंशीच्या पुढचे एक आजोबा भेटले. त्यांनी कार्ड दोनदा वाचलं, काही न बोलता मला जिन्याने वर नेलं आणि पहिल्या मजल्याच्या गॅलरीच्या कठड्यावर हात ठेवला. ‘इथपर्यंत,’ म्हणाले. मी खाली रस्त्याकडे पाहिलं. रिक्षा जात होत्या. मग त्यांनी विचारलं, ‘मास्तरांच्या बहिणीचे तुम्ही कोण?’ आजीचा भाऊ मास्तर होता हे मला त्या क्षणी कळलं. आमच्या घरात ते सांगणारं कुणी उरलेलंच नाही.

आपल्याकडे ‘इतिहास’ म्हटलं की नजर गडावर जाते. जावी, त्यात वावगं काही नाही. पण इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनें’चा पहिला खंड काढला तो वाईतल्या एका घरातल्या जुन्या कागदांच्या जोरावर. लोकांच्या घरांतली दप्तरं मिळवण्यात त्यांनी आयुष्य घालवलं. तेव्हा त्या कागदांना जी किंमत घरातले लोक देत नव्हते, तीच आज आपण पोस्टकार्डांना देत नाही. घर बदलताना, रंग काढताना, कुणी गेल्यानंतर आवराआवर करताना पहिली रद्दीत जातात ती कार्डं. दागिने चार वेळा मोजले जातात. मला याचा मनापासून राग येतो, आणि त्यात माझ्या घरचेही आले.

‘खाजगी पत्रं आहेत, दुसऱ्याने कशाला वाचायची?’ असं एका नातेवाइकांनी मला सुनावलं. पाकिटातल्या पत्राबद्दल मी ऐकून घेईन. कार्ड मुळातच उघडं. आजी सांगायची, पुण्याहून कार्ड आलं की पोस्टमन दारातच वाचून दाखवायचा आणि आळीतल्या बायका गोळा व्हायच्या. त्या जुलैत तर ज्यांचं कुणीच पुण्यात नव्हतं त्याही आल्या असतील. नावं आणि नाजूक घरगुती गोष्टी झाका, पण म्हणून कार्ड जाळू नका.

नुसता मजकूर वाचूनही थांबू नका. त्याच तारेवर मामाआजोबांची पुढची दोन कार्डं आहेत. मजकूर अगदी साधा, तब्येत आणि पाऊस. पण पाठवणाऱ्याचा पत्ता बघा: आधी नारायण पेठ, मग सदाशिव पेठेत कुणाच्या तरी ‘मार्फत’, मग गोखलेनगर. पूरग्रस्तांसाठी उभारलेल्या वसाहतींपैकी ती एक. तीन कार्डांच्या तीन कोपऱ्यांत एका कुटुंबाचं विस्थापन लिहिलंय आणि त्याबद्दल तक्रारीचं एक अक्षर नाही. शिवाय पत्त्यात पिनकोड नाही, कारण तो आला १५ ऑगस्ट १९७२ ला. तारीख पुसलेलं कार्ड हाती आलं, तर एवढ्या खुणेवरूनही काळाचा अंदाज बांधता येतो.

तिन्ही कार्डं मी तारेवरून काढली आहेत. लॅमिनेशन करणार नाही, तुम्हीही करू नका, शाई आणि कागद दोन्ही कायमचे अडकतात. दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवलेत, कोण कोणाचं ते वेगळ्या कागदावर लिहिलंय. त्या आजोबांना पुढच्या रविवारी गोखलेनगरचं कार्ड दाखवायला नेतोय. त्यात ‘शेजारी आपलेच जुने’ असं एक वाक्य आहे, ते शेजारी कोण हे तेच सांगू शकतील.

नारायण, शनिवार, सदाशिव पेठेतल्या कुणाच्या घरी जुलै-ऑगस्ट १९६१ ची कार्डं असतील तर मला कळवा. मी येऊन बघेन, तुमच्याच घरात बसून.