साडेबारा चौरस मीटर

माझ्याकडे चारचाकी नाही, एवढ्या एकाच गुणावर मला आमच्या कॉलेजच्या वाहनतळ व जागावाटप समितीचं निमंत्रकपद मिळालं. कॉलेजचं नाव लिहीत नाही. माझे पेन्शनचे कागद अजून त्यांच्याच कपाटात आहेत. मी मराठी शिकवतो, स्कूटरने येतो आणि पावसाळ्यात स्कूटर घरी ठेवून कदंबच्या सरकारी बसने येतो. "म्हणजे तुम्ही निःपक्षपाती," प्राचार्य म्हणाले. गोव्यात फुटबॉलच्या सामन्यालाही असा पंच मिळत नाही, म्हणून मी फुगलो आणि हो म्हणून बसलो.

आमचं कॉलेज सड्यावर आहे. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. बाहेरगावचा पाहुणा आला की हमखास म्हणतो, "केवढी जागा आहे हो तुमच्याकडे!" जागा आहेच. पावसाळ्यात तिथे तेरडा फुलतो, दीपकाडी डोलते आणि बेडूक रात्रभर विद्यापरिषद भरवतात. पण गाडी तिथे लावायची नसते. गाडी लावायची असते ती पायऱ्यांना टेकून. आमच्या ज्या सहकाऱ्यांना डॉक्टरांनी रोज पाच हजार पावलं चालायला सांगितलंय, ते संध्याकाळी गाडी काढून मिरामारच्या किनाऱ्यावर चालायला जातात. त्यांनाच सकाळी साठ पावलांवर गाडी लावा म्हटलं की गुडघा आठवतो.

2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख होती. नोंदलेल्या वाहनांचा आकडा आता त्याच्या पुढे गेलाय. हे आकडे मी पहिल्या बैठकीत वाचून दाखवले. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि एकमताने ठरलं की गाड्या फार झाल्यात, तेव्हा विद्यार्थ्यांच्या कमी कराव्यात.

मग मोजणी. आमचा प्यून आणि मी टेप घेऊन उन्हात उतरलो. गाडीचा एक चौकोन अडीच मीटर रुंद, पाच मीटर लांब. साडेबारा चौरस मीटर. शिवाय गाडी काही आकाशातून उतरत नाही, तिला आत-बाहेर वळायलाही वाट लागते. म्हणून नगररचनेवाले एका मोटारीमागे उघड्यावर 23, इमारतीच्या खांबांखाली 28 आणि तळघरात 32 चौरस मीटर धरतात. हे सगळं वहीत उतरवून घामाघूम परत आलो आणि हातात टेप होताच म्हणून सहज माझी खोली मोजली. तीन बाय तीन. नऊ. त्यात आम्ही तिघे प्राध्यापक, दोन टेबलं, चार खुर्च्या, एक कपाट आणि एक गळका कोपरा. टेपचं दुसरं टोक धरलेला प्यून थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, मागीर तुमी थंयच वचून बसात." म्हणजे, मग तुम्ही तिथेच जाऊन बसा.

मी हसलो. तेव्हा हसू येत होतं.

असल्या वेळी माणूस थोरामोठ्यांचा आधार शोधतो. मला तो थेट अमेरिकेत सापडला. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क केर यांनी 1963 सालीच लिहून ठेवलंय की विद्यापीठ म्हणजे आपापलं दुकान चालवणारे प्राध्यापक, आणि त्या सगळ्यांना एकत्र बांधणारी गोष्ट एकच: पार्किंगबद्दलची तक्रार. त्याच विद्यापीठाच्या बर्कलेच्या आवारात नोबेल मिळवणाऱ्याला गाडी लावायला राखीव जागा मिळते, तिथे 'एनएल' अशी पाटी असते. ही माहिती मी उत्साहाच्या भरात दुसऱ्या बैठकीत सांगितली. रसायनशास्त्राच्या विभागप्रमुखांनी चष्मा काढून विचारलं, "आणि राज्य पुरस्काराला काय?"

त्या आठवड्यात माझ्या टेबलावर सदतीस अर्ज आले. पीएचडी असलेल्यांना सावली हवी होती. पीएचडी करणाऱ्यांना सावली हवी होती, कारण टेन्शन. एका अर्जात पाठीच्या मणक्याचा एक्स-रे जोडला होता. ग्रंथपालबाईंनी फक्त "मी कधीच काही मागितलं नाही" एवढंच लिहिलं होतं. असा अर्ज नाकारायची हिंमत कुणाच्या बापात नसते.

सावलीचं गणित मात्र वेगळं असतं. आवारात सावली आहे ती आंब्याची, फणसाची आणि चार माडांची. आंब्याखाली चीक, फणसाखाली मे महिन्यात साक्षात मृत्यू, म्हणून अनुभवी लोक ऋतू बघून झाड बदलतात. माडाखाली कुणीच लावत नाही. नारळाला डोळे असतात, तो माणसाच्या डोक्यावर पडत नाही, असं माझी आजी सांगायची. बॉनेटबद्दल ती काही बोलली नव्हती. भूगोलात नव्याने लागलेल्या एका पोराने विश्वासाने माडाखाली गाडी लावली आणि दुपारी तीन वाजता सबंध स्टाफरूमने तो आवाज ऐकला. कुणी जागचं हललं नाही. फक्त सांख्यिकीचे प्राध्यापक शांतपणे म्हणाले, "कधीतरी होणारच होतं."

मे महिन्यात आम्ही चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारल्या. चौकोनांना क्रमांक दिले, यादी लावली, तीन दिवस सगळं स्वित्झर्लंडसारखं चाललं. चौथ्या दिवशी यादीतल्या क्रमांकांवर भांडण सुरू झालं (नऊ नंबर बाईंना अकरा हवा होता, ज्योतिषाने सांगितलं म्हणून), आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला. आमच्याकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पडतो, म्हणजे माझी खोली लांबीला आहे तेवढा, उभा. दोन तासांत रेघा वाहून गेल्या. पांढरं पाणी पायऱ्यांवरून फाटकापर्यंत गेलं आणि वॉचमनने समाधानाने बघत म्हटलं, "जालें."

ऑइलपेंट मारायला हवा होता हे नंतर मला एकूण बावीस जणांनी सांगितलं. मे महिन्यात हे बावीस जण कुठे होते कोण जाणे.

तेवढ्यात नव्या इमारतीला मंजुरी आली. नकाशा सुरेख होता: वर तीन मजले वर्गखोल्या, खाली नुसते खांब आणि खांबांमध्ये चाळीस गाड्या. पार्किंगचा प्रश्न एकदाचा मिटणार म्हणून आम्ही पेढे वाटले. इमारत उभी राहणार होती ती अर्थातच जुन्या वाहनतळावर. ते ठीक. पण कंत्राटदाराच्या चिऱ्यांना, खडीला आणि सळ्यांना जागा हवी होती, ती विद्यार्थ्यांच्या स्कूटर लावायच्या जागेत दिली. मजुरांच्या खोपींना बॅडमिंटन कोर्ट गेलं. मधोमध एक आंबा आला. तो तोडायचा तर 1984 चा झाडं राखण्याचा कायदा आहे, वनखात्याची परवानगी लागते. अर्ज गेला. उत्तराची वाट बघून बघून शेवटी वास्तुविशारदाने भिंतच वाकवली. आज आमच्या इमारतीला त्या जागी कोपर आहे. पहिल्या मजल्यावर इतिहासाचा तास चालू असताना फांदी खिडकीतून आत येते आणि एप्रिलमध्ये शेवटच्या बाकावर हजेरी शंभर टक्के असते.

प्राचार्यांना मी दर सोमवारी विचारायचो, "सर, गाड्या कुठे लावायच्या?" ते दर सोमवारी म्हणायचे, "पळोवया." म्हणजे, बघूया. ह्या एका शब्दावर गोव्याचा कारभार किती वर्षं चाललाय, पोर्तुगीज दप्तर उघडलं तर तिथेही सापडेल.

इमारत झाली. खांबांखाली पिवळ्या ऑइलपेंटने चाळीस चौकोन आखले, एक ते चाळीस. उद्घाटनाच्या दिवशी तिथे मंडप घातला, त्यामुळे गाड्या बाहेर रस्त्यावर. मंडप निघाला, तर मंडपाच्या खुर्च्या राहिल्या. मग परीक्षा विभागाने हळूच एक लोखंडी कपाट आणून एकोणीस नंबरात ठेवलं.

कॉलेजात जागा कशी मिळते ते बाहेरच्यांना ठाऊक नसतं. अर्जाने, ठरावाने, आमच्या समितीने वगैरे काही होत नाही. जागा मिळते कपाटाने. सुट्टी लागायच्या आदल्या संध्याकाळी रिकाम्या जागेत कपाट ठेवायचं, कुलूप लावायचं आणि किल्ली हरवायची. जूनमध्ये ती जागा तुमची. एकदा असलं एक कपाट आम्ही नऊ वर्षांनी फोडलं. आत सायक्लोस्टाइलचं यंत्र, आंतरवर्गीय कॅरमची ढाल आणि एक बायकी छत्री निघाली. छत्री चालू होती. त्याच पावसात ती ग्रंथपालबाईंना मिळाली आणि त्यांनी कधीच काही मागितलं नव्हतं त्याचं सार्थक झालं.

तर एकोणीस नंबरातल्या कपाटाचं कारण बळकट होतं. गोव्याच्या पावसात उत्तरपत्रिका ओलावतात, बुरशी धरते, आणि बुरशी लागलेल्या पेपराला गुण द्यायचे की औषध हे कळत नाही. कोरडी जागा हवी. एका कपाटाची चार झाली, चारांना आडोसा म्हणून ॲल्युमिनियमचं पार्टिशन आलं. ते बघून एनसीसीने बंदुका आणल्या. बंदुकांशी कोण वाद घालणार? जिमखान्याने चटया आणल्या. ऑगस्टपर्यंत चाळीसातले एकतीस चौकोन कामी आले, पैकी गाडीच्या एकही नाही. मी अतिक्रमणाविरुद्ध कडक टिपण लिहिलं. प्राचार्यांनी ते पूर्ण वाचलं, चहा मागवला आणि म्हणाले, "समितीला स्वतःचं कार्यालय नाही, म्हणून तुमचा वचक नाही. चौदा नंबर घ्या."

मी घेतला. काय करणार? आयुष्यात पहिल्यांदा साडेबारा चौरस मीटर, तेही एकट्याला. प्यूनने टेबल मांडलं, आणि तोंडातून एक अक्षरही न काढता असं काही बघितलं की मी दिवसभर त्याची नजर चुकवत होतो. तीन बाजूंना पार्टिशन झालं, चौथी बाजू निविदेत अडकली आहे. टेबलाखालून पिवळी रेघ जाते. फरशीवर '14' असा आकडा आहे, त्यातला एक माझ्या डाव्या पायाखाली आणि चार उजव्या.

काल सकाळी धो धो पाऊस होता. चवथीआधीच्या परीक्षेचे पेपर मी टेबलावर पसरून ठेवले होते, सगळे दमट, पानाला पान चिकटलेलं. बाहेर हॉर्न वाजला. विभागीय बैठकीला आलेल्या कुणा पाहुण्यांची गाडी होती. ड्रायव्हरने काच खाली करून अदबीने विचारलं, "सर, मात्शी खुर्ची कुशीक काडशात?"

खुर्ची जरा बाजूला काढली. टेबलही थोडं ओढलं. गाडी माझ्या गुडघ्यापर्यंत येऊन थांबली, ड्रायव्हर चहाला गेला. जरा वेळाने हात लावून बघितलं, बॉनेट छान गरम होतं. सुटे करून ठेवले तर बावीस पेपर मावले. अकरापर्यंत कडक वाळले.