अप्रेंटिसचा हात कापला तरी कुणी विचारत नाही? साफ खोटं!

भाच्याचा आयटीआय फिटरचा निकाल लागला, अप्रेंटिसशिपसाठी बोलावणंही आलं. आणि रविवारी रात्री त्याचा फोन: "मामा, सगळे म्हणतायत जाऊ नको." सगळे म्हणजे व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मेसेज. "अप्रेंटिसशिप म्हणजे वेठबिगारी. पगार नाही, कायदा नाही, हात कापला तरी कुणी विचारत नाही. नोकरी मिळत नाही, सर्टिफिकेटला किंमत नाही. त्यापेक्षा कंत्राटात लागा." मी स्वतः टर्नरची, म्हणजे लेथ मशीनवर धातू कापणाऱ्याची, अप्रेंटिसशिप केलीय. वाचून तळपायाची आग मस्तकात गेली.

'कायदा नाही' हे यातलं सगळ्यात घातक वाक्य. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ सालचा आहे. त्याचं कलम १८ सांगतं की अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी, कामगार नव्हे, आणि कामगार कायदे त्याला लागू नाहीत. मेसेज लिहिणाऱ्यानं तेवढंच उचललेलं दिसतंय. चार पानं मागे जायचं होतं. कलम १४ नुसार कारखान्यातल्या कामगाराचे आरोग्य आणि सुरक्षिततेचे नियम अप्रेंटिसलाही लागू. कलम १५ नुसार सरकारी अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइम नाही. आणि कलम १६: प्रशिक्षणात अपघातानं इजा झाली तर कामगाराला मिळते तशीच भरपाई मालकानं द्यायची.

आमच्या बॅचच्या एका मुलानं लेथवर निघालेली धातूची लांब, गुंडाळलेली चिप लोखंडी आकड्यानं ओढायची सोडून हातानं ओढली. तळवा चिरला. मेस्त्री म्हणाला, "तू कामगार नाहीस, रिपोर्ट कसला करतोस?" पोराला ते खरं वाटलं. त्यानं रुमाल बांधला, टाक्यांचे पैसे घरून आणले, आणि पुढे कितीतरी दिवस त्याला मापं घ्यायचा मायक्रोमीटर धड धरता येत नव्हता. कलम १६ त्या दिवशीही होतंच, त्याला सांगणारं कुणी नव्हतं. आज हा मेसेज हजारो पोरांना त्या मेस्त्रीचंच वाक्य पढवतोय, म्हणून माझा संताप होतो. हक्कच नाही असं ज्याच्या डोक्यात भरवलं, तो मागणार काय?

पगाराचं म्हणाल तर विद्यावेतन मिळतं. २०१९ च्या नियमांत शिक्षणाप्रमाणे दरमहा किमान ५,००० ते ९,००० रुपये ठरले, आयटीआयवाल्याला ७,०००. दुसऱ्या वर्षी १० टक्के वाढ. खोली घेऊन राहणाऱ्या पोराला हे पुरत नाही, मान्य. कंत्राटात हातात जास्त येतात, तेही मान्य. पण तिथं एकाच मशीनवर दिवसभर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, लावायचा आणि काढायचा. ड्रॉइंग वाचायला, सेटिंग करायला कोण शिकवतो? अप्रेंटिसला मात्र प्रशिक्षणाशी संबंध नसलेलं काम देणं हाच कलम ३० खाली नियमभंग आहे. झाडू मारायला लावणारे भेटतात, पण त्यांच्याविरुद्ध बोट ठेवायला कलम आहे.

नोकरीच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, ते नाइलाजानं कबूल करतो. कलम २२ प्रमाणे करारात तशी अट नसेल तर नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही. मलाही त्याच कारखान्यात ठेवलं नाही. पण म्हणून वर्ष फुकट गेलं? उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये सांगितलं की बाकी गोष्टी समान असतील तर थेट भरतीच्या उमेदवारापेक्षा प्रशिक्षित अप्रेंटिसला प्राधान्य द्यावं. सर्टिफिकेटच्या मुद्द्याचं उत्तरही त्यातच आलं.

भाच्याला एवढंच म्हटलं, सही करण्याआधी कराराचा फोटो पाठव. कराराची नोंदणी व्हायलाच हवी, नाहीतर ही कलमं घेऊन भांडणार कशाच्या जोरावर? काल फोटो आला. ट्रेडच्या रकान्यात 'फिटर' लिहिलंय, मुदत लिहिलीय, विद्यावेतनाचा आकडाही आहे. सोमवारी तो रुजू होतोय.