रावेरची केळी आणि नो-रिप्लाय

सॉफ्टवेअरमध्ये चॅट घालायचं की ईमेल, असा पेच पडला असेल तर भाऊ, एक पथ्य पाळा: वापरणाऱ्याला विचारू नका. तो म्हणेल, "काही बी करा, पन फोन करत जा." अशानं आपलं बिल निघायचं कसं?

मी एका केळीच्या व्यापाऱ्याचं सॉफ्टवेअर केलंय, म्हणून अधिकारानं सांगतो. घाईची गोष्ट ईमेलवर टाका. रावेरला बागेत ट्रक उभा आहे, मजूर घड कापून बसलेत, पारा 44 वर, आणि माल भरायचा की थांबायचं हे ड्रायव्हरला कळवायचंय? सुबकसा मेल करा. समोरचा सर्व्हर "नंतर या" म्हणाला तरी घाबरू नका. पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवतो आणि चार-पाच दिवस दार ठोठावत राहतो. रिवाजच तसा आहे. एवढी चिकाटी आपल्या वसुलीवाल्यातही नाही. तोवर केळी पिकतील, पण मेल कच्चाच राहील. पत्ता मात्र नो-रिप्लाय ठेवा, नाहीतर ड्रायव्हर उलट काही विचारायचा.

आणि जे वर्षानं लागणार, ते चॅटवर. भाव, वजन, कडता म्हणजे वजनातली कपात, कोण काय बोललं, सगळं. शेतकरी म्हणतो क्विंटलला 1800 ठरले होते, व्यापारी म्हणतो 1600. ग्रुप उघडावा तर गुड मॉर्निंगचे गुलाब, कुणाच्या भाच्याची हळद, दादांच्या वाढदिवसाचं बॅनर, आणि नेमक्या जागी मेसेज डिलीट केल्याची ती करडी ओळ. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं दोन दिवसांहून थोडं जास्त वेळ सगळ्यांकडून पुसता येतं. भाव फिरायला तेवढं रग्गड. मेल पोचला की तारीख-वेळेसकट दुसऱ्याच्या इनबॉक्समध्ये ठाण मांडतो. असलं फितूर साधन हिशेबात कशाला घ्या?

व्हॉट्सअ‍ॅप असताना स्वतःचं चॅट कशाला, असं कुणी म्हणालं तर त्याला पुढच्या मीटिंगला बोलावू नका. हिरवा ठिपका, "टायपिंग", निळी टिक, सगळं नव्यानं बांधा. आम्ही चार महिने बांधलं. ऐन थंडीत उद्घाटन झालं, भरीत-पुरीचा बेत होता. (भरीत झकास होतं, त्यात बग नव्हता.) दुसऱ्या दिवशी दिवाणजींनी अ‍ॅपमधून पहिला मेसेज पाठवला आणि लगोलग व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, "अ‍ॅपमधी मेसेज टाकला, पाहून घ्या." दोन तास टिक निळी होईना.

मग त्यांनी फोन केला.