'गांजाने वेड लागत नाही' म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज आला. 'गांजाने वेड लागतं ही इंग्रजांनी आणि औषध कंपन्यांनी पसरवलेली अफवा' असं त्याचं शीर्षक आणि खाली पाच मुद्दे. गांजा नैसर्गिक आहे, महादेवाला प्रिय आहे. इंग्रजांच्याच आयोगाने 1894 मध्ये त्याला निर्दोष ठरवलं. कॅनडा-जर्मनीने तो कायदेशीर केला. ज्यांना वेड लागतं ते मुळातच तसे असतात. आणि शेवटचा मुद्दा, मानसोपचाराच्या गोळ्या मेंदू बधिर करतात, त्या सोडून थोडा गांजा घेतला की मन शांत होतं.

असले मेसेज मी एरवी न वाचता पुसते. हा पुसता आला नाही, कारण त्याच रात्री मावसबहिणीचा फोन आला. तिचा मुलगा सायकोसिसच्या उपचारांवर आहे. ती विचारत होती, "ताई, मग याच्या गोळ्या बंद करून बघू का?"

म्हणून शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते. सगळ्यात घातक तोच आहे.

गोळ्या सोडून गांजा घ्या, हा सल्ला लिहिणाऱ्याने सायकोसिस झालेला माणूस जवळून पाहिलेला नसणार. सायकोसिस म्हणजे उदासी नव्हे, टेन्शन नव्हे. त्यात नसलेले आवाज ऐकू येतात. सगळे मिळून आपल्याविरुद्ध कट करताहेत अशी खात्री पटते आणि कुणी कितीही समजावलं तरी ती हलत नाही. हा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. हॉस्टेलच्या पंख्यात कॅमेरा बसवलाय म्हणून त्याने पंखा खोलला. घरी आणल्यावर आईच्या हातचं जेवण सोडलं, कारण त्यात विष आहे असं त्याला वाटायचं. तो रोज गांजा ओढत होता हे घरच्यांना नंतर कळलं. तोवर दोन ठिकाणी 'बाहेरचं' उतरवून झालं होतं. गोळ्या सुरू झाल्या, गांजा सुटला आणि काही आठवड्यांनी तो पुन्हा ताटावर बसला. त्या गोळ्या एका फॉरवर्डवरून बंद करायच्या?

गोळ्यांचा त्रास होतो, हे मी नाकारत नाही. सुस्ती येते, वजन वाढतं, काहींचे हात थरथरतात. पण ती तक्रार डॉक्टरकडे न्यायची असते. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते, पुढे कधी थांबवायची तेही त्यांच्या देखरेखीखाली ठरतं. परस्पर बंद केल्यावर काय होतं, त्याचा अंदाज आहे. 'लॅन्सेट'मध्ये 2012 साली 65 चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. त्यात स्किझोफ्रेनियाचे, म्हणजे सायकोसिस होणाऱ्या एका दीर्घकाळच्या आजाराचे, जवळपास साडेसहा हजार रुग्ण होते. औषध चालू ठेवलेल्यांपैकी वर्षभरात 27 टक्क्यांचा आजार उलटला, औषधाऐवजी नुसत्या खोट्या गोळ्या मिळालेल्यांपैकी 64 टक्क्यांचा. इथे तर नुसतं बंद करा असंही म्हटलेलं नाही. ज्या पदार्थाने आजार भडकला तोच वरून द्या, असं म्हटलंय.

या मुद्द्याचं मूळ कुठे असावं तेही सांगते, कारण त्यात अर्धवट सत्य आहे. गांजाच्या झाडात शेकडो रसायनं असतात. नशा चढते ती टीएचसीने. सीबीडी हे त्यातलंच दुसरं रसायन, त्याने नशा होत नाही. 2018 मध्ये सायकोसिसच्या 88 रुग्णांवर सीबीडीची एक चाचणी झाली आणि लक्षणं थोडी कमी झाली. पण तिथे शुद्ध सीबीडी रोज 1000 मिलिग्रॅम दिलं होतं, आणि तेही नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीला, त्यांच्या जागी नव्हे. चिलमीतून किंवा सिगरेटमधून जे आत जातं त्यात जोर टीएचसीचा असतो. निरोगी माणसालाही टीएचसी टोचून दिलं तर काही काळ भास आणि संशय निर्माण होतात, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे.

आता 'मुळातच वेडे असतात' हा मुद्दा. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे, कारण तो आईबापांच्या डोक्यावर दोष ठेवून मोकळा होतो. बहिणीला हे वाचून वाटलं की आमच्याच रक्तात खोट आहे.

स्वीडनमध्ये 1969-70 साली सैन्यभरतीला आलेल्या 50,000 हून अधिक तरुणांना, म्हणजे साधारण 18 ते 20 वर्षांच्या मुलांना, गांजाबद्दल विचारलं गेलं होतं. आजार व्हायच्या आधी विचारलं, हे इथे महत्त्वाचं. मग 1996 पर्यंत इस्पितळांच्या नोंदी तपासल्या. ज्यांनी भरतीपर्यंत 50 हून अधिक वेळा गांजा घेतला होता त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचं प्रमाण कधीच न घेतलेल्यांच्या सहापटीहून जास्त निघालं. संशोधकांनाही मेसेजवाल्यासारखीच शंका आली, की ही मुलं आधीपासूनच वेगळी असतील. म्हणून त्यांनी आधीचे मानसिक त्रास, बुद्ध्यांक, शहरात वाढणं, सिगरेट, सगळं हिशेबात घेतलं. आकडा खाली आला, पण तिपटीवर थांबला. भरतीनंतर पहिल्या पाच वर्षांत आजारी पडलेले, म्हणजे कदाचित आधीपासूनच आजाराच्या वाटेवर असलेले, बाजूला काढले तरी संबंध टिकला. 2002 साली हे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आलं. अफवा अशी 27 वर्षं नोंदी तपासून पसरवत नाहीत.

आनुवंशिकतेचा वाटा असतो, हे कबूल. गांजा ओढणाऱ्या बहुतेकांना सायकोसिस होत नाही, हेही कबूल. पण त्यातून उलटा अर्थ निघतो. घराण्यात मधुमेह आहे म्हणून साखरेचा काही संबंध नाही असं कुणी म्हणत नाही, तिथे तर जास्तच जपतात. आणि आपल्या मुलात ही कमकुवत बाजू आहे की नाही, हे आधी सांगणारी तपासणी आज कुठल्याही लॅबमध्ये होत नाही. जोखीम अवलंबून असते ती किती कमी वयात सुरू केलं, किती वेळा आणि किती कडक माल, यावर. युरोपातली शहरं आणि ब्राझील मिळून 11 ठिकाणच्या अभ्यासात (2019, 'लॅन्सेट सायकिअॅट्री') रोज घेणाऱ्यांना सायकोसिसची शक्यता तिपटीहून जास्त दिसली, आणि 10 टक्क्यांच्या वर टीएचसी असलेला माल रोज घेणाऱ्यांना जवळजवळ पाचपट. 'आमचे आजोबा ओढायचे, काही झालं नाही' म्हणणाऱ्यांनी हे बघावं. अमेरिकेत जप्त झालेल्या मालातलं टीएचसी 1995 मध्ये 4 टक्के होतं, 2014 मध्ये 12 टक्क्यांवर गेलं.

1894 चा आयोग खरा आहे. इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदी तपासल्या आणि गांजाच्या माथी मारलेल्या कितीतरी नोंदी बिनबुडाच्या निघाल्या. माफक सेवनाने मनावर वाईट परिणाम होत नाही असंही म्हटलं. मेसेजवाल्याने इथवर वाचलं आणि थांबला. गांजामुळे वेड लागण्याचं प्रमाण फुगवून सांगितलं गेलं, तरी कधीकधी त्याने वेड लागतं यात शंका नाही, असं त्याच अहवालात आहे.

महादेवाचं नाव यात ओढू नये. शंकराला धोतराही वाहतात, त्याचं बी पोटात गेलं तर माणूस बरळत दवाखान्यात जातो. आयुर्वेदात भांग उपविषांमध्ये मोजतात आणि सरकारच्या आयुर्वेदिक विषारी द्रव्यांच्या यादीतही ती आहे.

कॅनडाने 2018 मध्ये आणि जर्मनीने 2024 मध्ये प्रौढांना मुभा दिली, बरोबर. पण कॅनडात 2018 मध्ये कायदा आला तेव्हा सरकारने पाकिटांवर ज्या सूचना छापायला लावल्या त्यात एक अशी होती की नियमित सेवनाने सायकोसिस आणि स्किझोफ्रेनियाचा धोका वाढतो आणि तरुणांना तो विशेष आहे. तिथल्या आरोग्यतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना तर सांगतात की स्वतःला किंवा जवळच्या नात्यात कुणाला सायकोसिस झाला असेल त्याने गांजाला हातच लावू नये. मेसेजमध्ये हे कुठे आहे?

बहिणीला मी एवढंच सांगितलं की गोळी आज रात्रीचीही चुकवू नकोस. ज्यांच्या घरात मुलगा रात्र-रात्र जागतोय, विनाकारण संशय घेतोय, एकटाच पुटपुटतोय, कॉलेज सोडून खोलीत कोंडून घेतोय, त्यांनी 'वयच तसं आहे' म्हणून वाट पाहू नये. गांजा घेतोस का, हे न ओरडता विचारा आणि जे कळेल ते डॉक्टरला खरं सांगा, त्यावर उपचार ठरतात. जवळ मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.