जीनचा पत्ता २००३ च्या आधीही लागत होता

आमच्या कोल्हापुरातल्या शिक्षकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आठवडाभर फिरतोय: "२००३ पर्यंत कुठला जीन कुठल्या गुणसूत्रावर हे कुणालाच माहीत नव्हतं. पेशीतली प्रोटीनं बघून नुसते अंदाज ठोकायचे. त्यासाठी माणूस-उंदराचा संकरित प्राणीही बनवला होता."

२००३ मध्ये माणसाचा डीएनए वाचून काढणारा मानवी जीनोम प्रकल्प पूर्ण झाला, एवढंच खरं. रंगांधळेपणाचा जीन एक्स गुणसूत्रावर असतो हे १९११ मध्येच मांडलं गेलं होतं. डफी रक्तगटाचा जीन पहिल्या गुणसूत्रावर, हे १९६८ मध्ये.

प्राणी? छे! काचेच्या बशीत माणसाची आणि उंदराची पेशी एकत्र आणायची, पेशी एकमेकींना चिकटवणारा सेंदाई विषाणू वापरून जोडायची, बस्स. गंमत पुढे आहे. ही जोडपेशी वाढताना माणसाची गुणसूत्रं टाकून देते, उंदराची ठेवते. अशा एकेका जोडपेशीपासून वाढवलेल्या प्रत्येक वाणात माणसाची वेगळीच गुणसूत्रं उरतात.

आता 'अंदाजा'कडे. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर एखाद्या गवळ्याच्या रोज वेगवेगळ्या म्हशी येतात आणि दाट साय फक्त वाकड्या शिंगांची आली की मिळते, असं महिनाभर दिसलं तर साय कुणाची हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. इथंही तेच. माणसाचं प्रोटीन कुठल्या वाणात आहे, कुठल्यात नाही, याची गुणसूत्रांच्या हजेरीशी पडताळणी करायची. स्टार्चच्या जेलमधून वीज सोडली की माणसाचं आणि उंदराचं एकच एन्झाइम वेगवेगळ्या वेगानं सरकतं. रंग दिला की पट्टे उमटतात. लॅक्टेट डिहायड्रोजनेज हे एन्झाइम चार तुकड्यांचं असतं, म्हणून जोडपेशीत माणसाच्या आणि उंदराच्या, अशा दोन टोकांच्या पट्ट्यांमध्ये दोघांचे तुकडे मिसळून आणखी तीन मिश्र पट्टे दिसतात. दोन्हींचे जीन एकाच पेशीत काम करतायत, याला आणखी काय पुरावा हवा? याच वाटेनं या एन्झाइमचे तुकडे बनवणारा ए जीन ११ व्या आणि बी जीन १२ व्या गुणसूत्रावर सापडला.

एक मर्यादा मात्र कबूल. पेशी जे प्रोटीन बनवतच नाही, त्याचा जीन असा सापडत नाही. हिमोग्लोबिन या जोडपेशी बनवत नव्हत्या. त्याच्या जीनसाठी थेट डीएनएच तपासावा लागला. तोही २००३ च्या कितीतरी आधी, १९७० च्या दशकात.