एका पायावर उभं राहून मेंदूचं वय कळत नाही

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ताईने एक फॉरवर्ड टाकला: 'तोल सांगतो तुमच्या मेंदूचं वय'. हाच मजकूर सोसायटीच्या आणि शाळेच्या जुन्या गटावरही येऊन गेला होता, तेव्हा मी तो डिलीट करून मोकळी झाले. या वेळी ते जमणार नाही, कारण ताईची बावीस वर्षांची लेक शिकायला पुण्यात आहे, सहकारनगरला माझ्याकडे राहते आणि सध्या स्कूटर शिकते आहे. तिने फॉरवर्डमधली परीक्षा देऊन पाहिली, आठ-नऊ सेकंदांत पाय टेकला आणि गाडीची किल्ली माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "मावशी, माझा बॅलन्सच खराब आहे, मला नको गाडी." पाठोपाठ ताईचा फोन, एमआरआय करून घ्यायचा का म्हणून. आता एकेक मुद्दा घेऊ.

"डोळे मिटून एका पायावर ३० सेकंद उभं राहता आलं नाही, तर मेंदूच्या नसा म्हाताऱ्या झाल्या. अशांचा सात वर्षांत मरण्याचा धोका दुप्पट. ब्राझीलच्या शास्त्रज्ञांचा शोध."

ब्राझीलचा अभ्यास खरा आहे, २०२२ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्‌स मेडिसिन'मध्ये आला होता. पण त्यातली माणसं ५१ ते ७५ वयाची होती, एकूण १७०२. परीक्षा १० सेकंदांची, डोळे उघडे, नजर समोर, आणि तीनदा प्रयत्न करायची मुभा. पाचांतल्या एकाला ते जमलं नाही. पुढच्या साधारण सात वर्षांत न जमलेल्यांपैकी १७.५ टक्के वारले, जमलेल्यांपैकी ४.६ टक्के. न जमलेली माणसं मुळात वयाने मोठी होती, त्यांच्यात मधुमेह आणि लठ्ठपणाही जास्त होता. तो हिशेब वजा केल्यावरही धोका ८४ टक्के जास्त निघाला. तोल गेला म्हणून माणसं गेली, असं मात्र त्यावरून सिद्ध होत नाही, आणि संशोधकांनीही तसा दावा केलेला नाही.

फॉरवर्ड लिहिणाऱ्याने काय केलं? १० चे ३० केले, उघडे डोळे मिटवले आणि वयाची अट उडवून लावली. मिटल्या डोळ्यांचा आकडा हवाच असेल तर तोही आहे. अमेरिकेतल्या २००७ च्या एका मोजणीत १८ ते ३९ वयाची निरोगी माणसं उघड्या डोळ्यांनी पाऊण मिनिटाच्या जवळपास उभी राहिली, कारण घड्याळच ४५ सेकंदांना थांबवायचं ठरलं होतं. डोळे मिटल्यावर सरासरी आली नऊ-साडेनऊ सेकंद. म्हणजे आमची पोरगी अगदी चारचौघींसारखी आहे. या गटावर ब्राझीलच्या वयोगटात बसतात त्या ताई, भाऊजी आणि दोन्ही काका. त्यांनी खुशाल दहा सेकंद उभं राहून बघावं. डोळे उघडे ठेवून, भिंतीजवळ.

"तोल १८ व्या वर्षापर्यंतच घडतो. त्यानंतर सायकल, गाडी शिकायला घेणं म्हणजे अपघाताला आमंत्रण."

हे वाक्य मला सगळ्यात जास्त चीड आणणारं वाटतं, कारण ते फक्त मुलींनाच ऐकवलं जातं. मुलगा पंचविशीत गाडी शिकला तर त्याच्या तोलाची चौकशी कोणी करत नाही. पुण्यात तिशी-चाळिशीत स्कूटर शिकून मुलांना शाळेत सोडणाऱ्या बायका किती आहेत, हे सकाळी साडेसातला कुठल्याही चौकात उभं राहून बघावं. जर्मनीत लाइपझिगच्या मॅक्स प्लांक संस्थेत तरुण माणसांना डुगडुगत्या फळीवर उभं राहायला शिकवलं, आठवड्यातून एकदा, असं सहा आठवडे. तोल तर सुधारलाच, मेंदूच्या स्कॅनमध्येही बदल दिसले. २०१० साली ते प्रसिद्ध झालं. अठराव्या वर्षी दार बंद होत असतं तर हे झालंच नसतं.

एक गोष्ट मान्य करते. लहानपणी शिकणं सोपं जातं. पडायची उंची कमी, भीती कमी, आणि लोक काय म्हणतील हा प्रश्नच नाही. आणखी एक, जे फॉरवर्डमध्ये नाही पण सांगायला हवं: तोल ज्या कामाचा कमवाल, बराचसा त्या कामापुरताच वाढतो. एका पायावर उभं राहायचा सराव केलात तर एका पायावर छान उभे राहाल, स्कूटर येणार नाही. मल्लखांबावर लीलया चढणाऱ्या पोरालाही गाडी शिकावीच लागते. तेव्हा गाडी यायला हवी असेल तर गाडीवरच बसावं लागणार. किल्ली परत घ्यायची ती एवढ्यासाठी.

"गाडी वळवताना आपण किती झुकलो हे न बघता कळायला हवं. कळत नसेल तर कानाची नस कमजोर."

हा मुद्दा ज्याने लिहिला तो कधी दुचाकीवर बसला असेल असं वाटत नाही. वळणावर गाडी झुकते तेव्हा पृथ्वीची ओढ खाली असते आणि वळण आपल्याला बाहेर ढकलतं. नीट झुकलेल्या गाडीवर या दोन्ही जोरांची बेरीज बरोबर डोक्यातून सीटकडे जाते. आतल्या कानात जे बारीक खडे असतात, त्यांना ही बेरीजच तेवढी कळते. म्हणजे तुम्ही झुकलेले असता आणि कान सांगतो, सरळ बसलाय. कान ठणठणीत असला तरच तो असं सांगतो! कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांना झुकायला सुरुवात झाली हे कळतं, कोन त्या मोजून देत नाहीत. ढगात शिरलेल्या वैमानिकाला तिरकं झालेलं विमान सरळ वाटू शकतं ते याच कारणाने. म्हणून अंगाला काय वाटतंय ते सोडून समोरच्या यंत्रावर विश्वास ठेवायला त्याला शिकवतात. स्कूटरवर ते काम डोळे करतात.

झुकायचं किती, हे वेग आणि वळण ठरवतं. ताशी ३० किलोमीटर वेगाने २० मीटर त्रिज्येचं वळण घेतलं तर साधारण २० अंश. यात वजन कुठेच येत नाही, पन्नास किलोवाली आणि नव्वद किलोवाला दोघांनाही तेवढंच झुकावं लागतं. नवशिकी माणसं गाडी झुकली की घाबरून अंग ताठ उभं धरतात, नजर पुढच्या चाकापाशी, कोपरं कडक. भाचीचं नेमकं हेच होत होतं. तळजईकडच्या रिकाम्या रस्त्यावर तिला एवढंच सांगितलं, जिथे जायचंय तिथे बघ आणि खांदे सोड. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही, आणि रस्त्यावर वाळू किंवा पावसाचा ओलावा असेल तर झुकायची हौस बाजूला ठेवायची. आरटीओच्या परीक्षेतला आठ हा निराळाच प्रकार. तिथे वेग इतका कमी असतो की गाडी आत झुकते आणि अंग किंचित बाहेरच्या बाजूला राहतं. म्हणून रस्त्यावर बरी चालवणारी माणसंही आठमध्ये पाय टेकतात. त्यात कानाच्या नसेचा काय दोष?

"तोल जातो तो कानातल्या पाण्यामुळे. रोज रात्री कोमट तेल घाला."

कानाचा पडदा शाबूत असेल तर तेल त्याच्या अलीकडेच राहतं. तोल सांभाळणारा भाग पडद्याच्या बराच पलीकडे, हाडाच्या आत आहे. पडद्याला भोक असेल तर तेल आत जाऊन नसता संसर्ग व्हायचा. घालू नका.

"आरशात एक खांदा खाली दिसला तर एक पाय आखूड आहे, पट्टा बांधा."

दोन पायांत काही मिलिमीटरचा फरक बहुतेकांना असतो, आणि एकाच खांद्यावर बॅग अडकवणाऱ्या सगळ्या कॉलेजचा एक खांदा खालीच दिसेल. फॉरवर्डच्या तळाशी पट्ट्याची लिंक आहे, त्यावरून कळावं.

"रोज वृक्षासन करा."

करा. अख्ख्या मजकुरातलं हे एकच धड वाक्य. घोटा मुरगळून गेलेल्यांना तर एका पायावरच्या सरावाचा चांगला उपयोग होतो. आणि भिंतीचा आधार घ्यायला लाजू नका. बी.के.एस. अय्यंगारांनी याच पुण्यात भिंत, दोर, विटा आणि खुर्च्या घेऊन जगाला आसनं शिकवली.

डॉक्टरकडे जायची कारणं वेगळी असतात, ती फॉरवर्डमध्ये नाहीत. अचानक तोल जाऊ लागला, बोलणं अडखळलं, चेहरा किंवा हात-पाय एका बाजूला लुळा पडला, तर थेट हॉस्पिटल, वाट बघायची नाही. अंथरुणात कूस बदलताना काही क्षण सगळं गरगर फिरत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे. कानातले खडे जागचे सरकलेले असतात, आणि डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते बऱ्याचदा डॉक्टरांच्या खोलीतच जागेवर आणता येतात. यातलं भाचीला काहीही नाही. एमआरआय होणार नाही, ताई. लर्निंग लायसन्स आहे, रविवारी सकाळी आम्ही पुन्हा तळजईला जाणार आहोत.